आकाशातली वीज आणि तिचा उत्पादन खर्च



ज्याच्या विहिरीला दोन घागरी पाणी आहे, त्याला रात्रीच्या पाळीची लाईट म्हणजे काय ते सांगायला नको. हातात बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत मोटर चालू करायला जावे लागते. म्हणून चोवीस तास वीज देणारी योजना कोणी सांगितली की आपण कान टवकारतो. अशीच एक योजना आहे : अवकाशात सौरपट्ट्या लावायच्या आणि तिथली वीज पृथ्वीवर आणायची.

ही थाप नव्हे. पीटर ग्लेसर या अमेरिकन अभियंत्याने 1968 साली ती मांडली. सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर ढग नाहीत, पावसाळा नाही, रात्रही जवळजवळ नाही. तिथे वीज तयार करायची, तिच्या सूक्ष्मलहरी करून खाली सोडायच्या, जमिनीवरच्या जाळीने झेलायच्या आणि पुन्हा वीज करायची. 1975 साली कॅलिफोर्नियात गोल्डस्टोन येथे दीड किलोमीटरवर तारेशिवाय 30 किलोवॅटहून जास्त वीज पोचवली. पाच अश्वशक्तीच्या सात-आठ मोटरी चालाव्यात एवढी. 2023 साली कॅल्टेक संस्थेने अवकाशात हा प्रयोग केला. तिथे फूटभर अंतरावरचे दोन छोटे दिवे लागले.

शास्त्र खरे आहे. आता हिशेब पाहू. कापसाचा भाव मागताना आपण उत्पादन खर्च मांडतो, तोच काटा इथेही लावला पाहिजे.

लहरी पसरतात, त्यामुळे लहान जाळी चालत नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेने केलेल्या आराखड्यात 5,000 मेगावॅटसाठी जाळी होती 13 किलोमीटर लांब, 10 किलोमीटर रुंद. म्हणजे सुमारे 25,000 एकर! जाळीच्या मध्यावर लहरींचा जोर दुपारच्या उन्हाच्या चौथाईइतकाच धरला होता. तेव्हा माणसे भाजून निघतील ही भीती नको. पण 25,000 एकर कोणाचे, हे विचारलेच पाहिजे.

आणि खर्च? 2024 च्या जानेवारीत नासानेच हिशेब प्रसिद्ध केला : अशी वीज जमिनीवरच्या सौर-पवन विजेच्या 12 ते 80 पट महाग पडेल. सर्वांत मोठा खर्च सामान वर नेण्याचा. रॉकेटचे भाडे उतरले, पट्ट्या हलक्या झाल्या, तर उद्या हे गणित बदलेलही. आपण तंत्रज्ञानाचे वैरी नाही. संशोधन जरूर व्हावे.

मात्र उद्याच्या विजेचे नाव सांगून आजची मागणी कोणी पुढे ढकलू नये. आकाशातून आलेली वीजसुद्धा शेवटी आपल्याच गावच्या डीपीवरून आणि लोंबणाऱ्या तारांवरूनच मोटरीपर्यंत येणार. डीपी जळालेली असेल तर सूर्य कितीही जवळ नेला तरी उपयोग नाही. दिवसा मिळणारे ऊन आपल्या शिवारात आहेच. त्याची वीज दिवसाच, पुऱ्या दाबाने, परवडेल अशा दराने मोटरीला मिळावी, ही आपली मागणी आहे.

कोणी चोवीस तासांच्या विजेचे स्वप्न घेऊन गावात आले, तर तीन प्रश्न विचारा : युनिट कितीला? जमीन कोणाची? आणि आमच्या मोटरीला दिवसा वीज केव्हा?