नाल्याकाठची माती
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांच्या कौतुकाची भाषणं झाली. मी मागच्या भिंतीपलीकडच्या, नाल्याकाठच्या पट्ट्याबद्दल बोलणार आहे. तिथे फरशी घालून पार्किंग करायचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत येतोय. मत देण्याआधी ती माती काय काम करते, ते ऐका.

आपल्या सांडपाण्याच्या टाकीतून निघालेलं पाणी स्वच्छ दिसतं. पण टाकीत हवा सोडली की सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होतं. ते पाण्यात विरघळतं, दिसत नाही आणि उकळूनही जात नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या आत असावं, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून वाढलं तर तान्ह्या बाळांच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेणं जड जातं. खाडीत गेलं तर शेवाळ माजतं. होळीच्या आसपास अजून वाड्या, विहिरी आणि बावखलं आहेत, म्हणून हा प्रश्न आपला आहे.

आता मातीची करामत बघा. काठची माती ओली असते, तिच्यात हवा कमी असते. तिथले जीवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात. उरलेला नत्र बहुतांशी वायू होऊन हवेत जातो. हवेत तो 78 टक्के आहेच! या जीवाणूंचं खाणं म्हणजे कुजलेला पालापाचोळा आणि मुळं. वीज लागत नाही, पगार लागत नाही. फक्त पाणी सावकाश झिरपायला हवं. नळीतून थेट नाल्यात गेलं, तर मातीला कामच मिळत नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात शेतातून निचरा होणारं पाणी मुद्दाम छिद्रांच्या नळीने ओढ्याकाठच्या मातीत जिरवतात, ते याचसाठी.

अर्थात मैलापाणी तसंच सोडलं, तर माती ते पेलणार नाही. आधी टाकी नीट चालली पाहिजे. आणि विहिरीजवळ हे पाणी जिरवायचं नाही.

माझी विनंती एवढीच. पट्टा मातीचाच ठेवूया. तिथे कर्दळ, केळी लावूया, पाला जाळायचा थांबवूया आणि पाणी पसरून सोडूया. गाड्यांसाठी पुढच्या अंगणात आखणी करता येईल. गाडीला दुसरी जागा शोधता येते. फरशीखाली गेलेली माती पुन्हा जिवंत करायला फार वर्षं लागतात.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.