बेचाळिसाव्या वर्षी उघडलेले दार



सॅचेल पेज या बेसबॉलपटूचा जन्म १९०६ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात, मोबील शहरी झाला. घरची गरिबी. लहानपणी तो स्टेशनवर प्रवाशांच्या बॅगा उचलायचा. बाराव्या वर्षी किरकोळ चोरीपायी त्याला सुधारगृहाच्या शाळेत धाडले. तिथेच तो पिचिंग, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकण्याची कला, शिकला.

पुढे त्याच्या वेगापुढे भलेभले हतबल होत. पण मेजर लीगचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. वीसेक वर्षे तो निग्रो लीगमध्ये आणि गावोगावी खेळत राहिला. १९४८ मध्ये क्लीव्हलँड संघाने त्याला घेतले, तेव्हा तो ४२ वर्षांचा होता! त्याच वर्षी तो संघ विजेता ठरला. १९६५ मध्ये, ५९व्या वर्षी, तो पुन्हा मैदानात उतरला आणि तीन इनिंग्जमध्ये त्याने एकही धाव दिली नाही.

आपण त्याच्या जिद्दीचे कौतुक करतो. पण उमेदीची गेलेली वर्षे त्याला कुणी परत दिली नाहीत.

गुरुजनहो, शेवटच्या बाकावरच्या मुलालाही तुम्ही वेळेवर फळ्याजवळ बोलावलेत. त्याचे मोल आज कळते.