पदवी आणि अर्थार्जन
१९१६ साली महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा मुलींचे उच्च शिक्षण हाच विवादाचा विषय होता. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणीनुसार मात्र उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण मुलींमध्ये २८.५ आणि मुलांमध्ये २८.३ टक्के होते. परंतु २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत पंधरा वर्षे व त्यावरील पुरुषांपैकी ७८.८ टक्के, तर स्त्रियांपैकी केवळ ४१.७ टक्के काम करत वा शोधत असल्याचे आढळले. कुटुंबाच्या निर्वाहाची जबाबदारी जन्मतःच अंगावर पडलेला तरुण पदवीकडे बहुधा उपजीविकेचे साधन म्हणून पाहतो. तरुणीला ती स्वावलंबनाची सनद वाटते, पण विवाह, घरकाम आणि प्रवासाची असुरक्षितता तिच्या वाटेत उभी राहते. म्हणून वसतिगृहे, पाळणाघरे व सुरक्षित वाहतूक यांची तजवीज सरकारने करावी आणि घरकामाची न्याय्य वाटणी आपण प्रत्येक घरात करावी.