मोटारींतील निर्वाताची गळती

कांहीं जुन्या मोटारींच्या हीटरमधील झडपा निर्वातानें हलतात. 1976 सालीं निघालेली मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू-123 ही त्यांतलीच. पेट्रोलचें एंजिन हवा ओढूं लागलें, कीं त्याच्या हवेच्या मार्गांत निर्वात उत्पन्न होतो. रबरी नळ्यांवाटे तो झडपांच्या पडद्यांस ओढतो, आणि ऊन वारा पायांकडे किंवा समोरच्या कांचेकडे वळतो.

सोलापुराहून तुळजापूरचा घाट चढतांना ॲक्सिलरेटर दाबावा लागतो व हा निर्वात क्षीण होतो. त्यासाठीं नळींत एकमार्गी झडप असते. ती मिटून आंतील निर्वात राखते. चढावर वाऱ्याची दिशा आपोआप बदलली, तर ही झडप वा एखादी नळी गळते असें समजावें.

मात्र मापकाचा कांटा कमी दिसतांच डॅशबोर्ड उकलण्याची घाई करूं नये. समुद्रसपाटीवर निरोगी एंजिन संथ चालतांना पाऱ्याचे 17 ते 21 इंच दाखवितें. धाराशिव सुमारें 650 मीटर उंचीवर आहे. तेथें हवाच विरळ असल्यामुळें मापक सुमारें 2 इंच कमी दाखविणार. हा दोष नव्हे.

खरी परीक्षा निराळी. एंजिन बंद करून, मापक लावलेल्या लहान हातपंपानें एकेक नळी व पडदा स्वतंत्रपणें तपासावा. हवा ओढल्यावर कांटा मिनिटभर स्थिर राहिला, तर तो भाग निर्दोष. उतरला, तर गळती तेथेंच. पुष्कळदां नळीचें टोंकच तडकलेलें असतें. तें थोडें कापून पुन्हां घट्ट बसविलें कीं काम भागतें.

ब्रेकला साह्य करणारा निर्वातही याच एंजिनांतून येतो. म्हणून ब्रेक जड लागूं लागल्यास प्रथम त्याची नळी पाहावी, आणि दुरुस्ती होईतों गाडी रस्त्यावर काढूं नये.