पिस्कॅटवेतलं वर्कबेंच



युनिक्सचा जन्म 1969 साली आपल्या न्यू जर्सीत, मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये झाला, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण तिला कचेरीच्या कामाला लावण्यात आपल्या पिस्कॅटवेचाही वाटा आहे.

बेल लॅब्जचा एक विभाग टेलिफोन कंपन्यांच्या कारभारासाठी प्रोग्रॅम लिहायचा. माणसं सुमारे हजार. प्रोग्रॅम चालायचे अवाढव्य मेनफ्रेमवर. 1973 साली नवी पद्धत सुरू झाली: चालवायचं मेनफ्रेमवरच, पण लिहायचं मात्र मधल्या आकाराच्या, स्वस्त पीडीपी-11 यंत्रावर, युनिक्समध्ये. हेच प्रोग्रॅमर्स वर्कबेंच. पिस्कॅटवेच्या बेल लॅब्जमध्ये ते वाढलं.

त्यात एससीसीएस नावाची सोय होती. फाइलमधला प्रत्येक बदल कुणी, कधी आणि का केला, याची ती नोंद ठेवायची. आजचं गिट त्याच वाटेवरचं.

पीडीपी-11 कधीच मोडीत निघाले, नोंदीची सवय टिकली. आपल्यातले कितीतरी जण वीस-तीस वर्षं सांभाळलेले प्रोग्रॅम आता पुढच्यांच्या हाती सोपवून निवृत्त होताहेत. त्यांना एकच विनंती. कुणी आणि कधी, हे यंत्र आपोआप टिपतं. का, ते तुम्हीच लिहून ठेवा.