सही होण्याआधीची खुर्ची



अध्यक्षीय भाषण चहाच्या आधी ठेवायला नको होतं, असं मागच्या रांगेत कोणीतरी पुटपुटलं. ते मला ऐकू आलं आणि पटलंही. तेव्हा फार ताणत नाही.

कंपन्यांच्या वतीने सरकारशी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांच्या व्हिजिटिंग कार्डांवर अलीकडे भारदस्त हुद्दे आले आहेत. कॉर्पोरेट अफेअर्सचे प्रेसिडेंट, जिओपोलिटिकल रिस्कचे ग्लोबल हेड. पगार वाढले, कोपऱ्यातली केबिन मिळाली. पण त्याच कंपनीच्या फायनान्समधल्या माणसाला विचारा, हे गृहस्थ नक्की काय करतात? तो सांगेल, मंत्रालयात साहेबांची वेळ घेतात, अडकलेली फाईल हलवतात. त्याचं फारसं चुकतही नाही. वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात आपलं तेवढंच मोजलं जातं. किती परवानग्या आल्या आणि किती दिवसांत आल्या. ‘हा करार या अटींवर करू नका’ असं सांगून एखाद्याने कंपनीचे पैसे वाचवले, तर ते लिहायला त्या फॉर्मात रकानाच नाही.

महाराष्ट्रात या विषयावर बोलायचं तर दाभोळला वळसा घालून जाता येत नाही. जून 1992 मध्ये तिथल्या वीजप्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबर सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा निघाल्याच नाहीत. 1993 मध्ये जागतिक बँकेने प्रकल्प किफायतशीर नसल्याचं सांगून कर्ज नाकारलं. तरी त्याच वर्षी डिसेंबरात वीजखरेदी करारावर सह्या झाल्या. विजेची उचल होवो न होवो, राज्य वीज मंडळाने क्षमतेचे पैसे मोजायचे, आणि हिशेब डॉलरशी बांधलेला. मंडळाची कमाई रुपयांत, तीही थकबाकीने पोखरलेली.

पुढे 1995 मध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं की, भारतात लोकांना समजावण्यावर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. इथे त्याचा अर्थ लाच असा काढला गेला आणि गदारोळ उठला. मला त्यातलं दुसरंच खुपतं. त्या दोन कोटी डॉलरांतून बाहेरच्यांना समजावण्यावर पैसे गेले. बाहेरच्यांचं म्हणणं आत, संचालकांच्या टेबलावर मांडायला किती खर्च आला असता? एका माणसाचा पगार आणि त्याचं म्हणणं ऐकून घेण्याची तयारी, बस्स.

मार्च 1995 मध्ये सत्ता बदलली आणि 3 ऑगस्टला नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला. मग एन्रॉनच्या रेबेका मार्क मुंबईत आल्या, शिवसेनाप्रमुखांना ‘मातोश्री’वर जाऊन भेटल्या, फेरवाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परतला. दारं उघडण्याच्या कलेत याहून मोठी कामगिरी आपल्या धंद्यात क्वचितच कोणी केली असेल. मे 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि बिलं येऊ लागली. रुपया घसरलेला, इंधन महागलेलं. मे 2001 मध्ये मंडळाने करार संपवला, डिसेंबरात खुद्द एन्रॉननेच अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. 2005 मध्ये तो बंद प्रकल्प चालवायला एनटीपीसी आणि गेल यांना पुढे करून नवी कंपनी काढावी लागली. हा करार लोकांना समजला नाही म्हणून बुडाला, असं आपल्यातले काही जुने लोक अजून म्हणतात. माझं मत उलट आहे. बिल हातात पडल्यावर तो लोकांना नीट समजला, म्हणून बुडाला.

आता आपण नाशिकमध्ये बसलो आहोत, तर कांद्याचं बोललंच पाहिजे. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य आलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थेट बंदी. ती उठली मे 2024 मध्ये. लासलगावात लिलाव बंद पडले, बंदराच्या वाटेवरचे कंटेनर अडकले आणि ‘अचानक बंदी’ असे मथळे आले. अचानक कसली? 2019 च्या सप्टेंबरात आधी 850 डॉलरचं किमान मूल्य आलं होतं आणि त्याच महिन्यात बंदी. पायऱ्या त्याच, क्रमही तोच, निवडणुकाही तोंडावर. 1998 मध्ये कांद्याच्या भावाने दिल्लीतलं राज्य सरकार घालवलं, हे कुठलाही केंद्रीय मंत्री विसरत नाही. परदेशी ग्राहकाशी सहा महिन्यांचा बांधील भाव ठरवताना निर्यातदाराने का विसरावं? ऑगस्टच्या शुल्कानंतर पुढच्या करारांत बंदीचं कलम घाला, एवढी एका पानाची टिप्पणी ज्याने लिहिली असेल, त्याला मी या क्षेत्रातला ज्येष्ठ म्हणेन. मग त्याचा हुद्दा कारकुनाचा का असेना.

मोठ्या कंपन्यांनाही ही नजर असतेच असं नाही. ब्रिटिश तेलकंपनी बीपीने 2013 मध्ये रशियाच्या रॉसनेफ्टमध्ये 19.75 टक्के वाटा घेतला. वर्षभरात रशियाने क्रिमिया ताब्यात घेतलं. लाभांश येत होता, तोवर वाटा तसाच राहिला. युक्रेनवर आक्रमण झाल्यावर चौथ्या दिवशी, 27 फेब्रुवारी 2022 ला, बाहेर पडायचं जाहीर करावं लागलं आणि सुमारे 2,400 कोटी डॉलर हिशेबात बुडीत धरावे लागले. उलट शेल या तेलकंपनीत पिअर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 च्या तेलसंकटाआधीच व्यवस्थापकांपुढे तेल महागण्याची शक्यता ठेवली होती. भविष्य सांगण्यापेक्षा, न आवडणारी शक्यता वरिष्ठांच्या गळी उतरवणं त्यांना जास्त कठीण वाटे.

अशी नजर असलेली माणसं कुठून घ्यायची, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. निवृत्त सनदी अधिकारी घ्या, माझी ना नाही. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत खासगी नोकरी धरायला त्यांना सरकारची परवानगी लागते, ती मात्र रीतसर घ्या. पण सगळी टीम त्यांचीच करू नका. ते ‘सरकार काय करतं’ हे सांगतात. बाजार समितीत काय बोललं जातंय, हे जिल्ह्याचा वार्ताहर सांगतो. न्हावा शेवा बंदरात कागद कुठे अडतोय, हे कस्टम हाउस एजंटकडे काम केलेल्याला कळतं. आणि तांबड्या समुद्रात हल्ले वाढले की जहाजाच्या युद्धविम्यावर सात दिवसांची रद्दनोटीस येऊ शकते, हे विम्यात मुरलेल्यालाच आधी सुचतं. 2024 च्या हंगामात आपली द्राक्षं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला गेली, तेव्हा असा माणूस पदरी असलेल्यांना त्याचा उपयोग झाला असणार.

आणि एक अवघड गोष्ट. अमेरिकेत लॉबिंगचा खर्च जाहीर करायचा कायदा 1995 पासून आहे. म्हणूनच 2012 मध्ये वॉलमार्टच्या तिथल्या नोंदींवरून आपल्या संसदेत गोंधळ झाला आणि चौकशी लागली. आपल्याकडे असा कायदा नाही. तो नसल्याने आपलं भलं होतं, असं समजणारे या सभागृहातही आहेत. माझ्या मते त्या कायद्याच्या अभावानेच आपल्याला दलालाच्या पंगतीत बसवलं आहे.

उद्या खुल्या अधिवेशनात ठराव येतील. माझी विनंती आहे की त्यांत एक असा असावा: मंत्री आणि अधिकाऱ्यांशी झालेल्या प्रत्येक भेटीची नोंद आपण ठेवू, आणि दीर्घ मुदतीच्या कुठल्याही करारावर सही होण्याआधी आपली लेखी हरकत संचालक मंडळाच्या इतिवृत्तात जाईल, अशी अट नेमणूकपत्रातच घालून घेऊ. सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक आपल्यातून हवा.