वार्धक्य आणि रक्तदाब
(मंडळाच्या यवतमाळ येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चालकांनी केली. आम्ही वैद्य नव्हे. आमचा जन्म खडू-फळ्याच्या सहवासात गेला. परंतु संमेलनास येणाऱ्यांत साठी ओलांडलेली मंडळी पुष्कळ असतात, आणि रक्तदाबाची गोळी अनेकांच्या खिशात असते. घरातील वडीलधाऱ्या माणसाला अर्धांगवायू झाला की एका माणसाचे नव्हे, सबंध घराचे अंग लुळे पडते. औषध घरात असूनही ते घेण्यातील चुकांमुळे हे ओढवावे, ही दुःखाची गोष्ट होय. म्हणून त्या चुकांचाच येथे विचार करू.

सर्व चुकांचे मूळ एकच : आपला रक्तदाब आपल्याला आपोआप कळतो, ही समजूत. वस्तुतः तो बहुधा कळत नाही. ताप अंगाला जाणवतो, दाढ दुखली तर झोप उडते; पण वाढलेला दाब वर्षानुवर्षे मुकाट्याने मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांची हानी करीत राहतो. ‘घेरी येत नाही, डोके दुखत नाही, मग गोळी कशाला?’ असे म्हणून औषध सोडणे ही सर्वांत घातक चूक. बरे आहे ते गोळी चालू आहे म्हणून. पैनगंगेवरील इसापूर धरणाने पाणी अडविले, म्हणून कोणी त्याची भिंत काढून टाकीत नाही. काही औषधे तर एकाएकी थांबविल्यास दाब उसळून वर जातो. एकादशीस गोळी वर्ज्य करणे, किंवा ‘आज तपासणी आहे’ म्हणून सकाळची गोळी न घेणे, हेही त्याच जातीचे. तपासणी औषधाचा गुण पाहण्यासाठीच असते.

दुसरी समजूत अशी की, म्हातारपणी दाब वाढायचाच. वयात शंभर मिळवावे, तितका चालतो. हा हिशेब चुकीचा आहे. ऐंशी वर्षांच्या व त्यापुढील ३,८४५ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे आणि हृदय दुर्बळ होण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. दाब किती असावा हे डॉक्टरांनी प्रकृती पाहून ठरवावे. वयाकडे बोट दाखवून आपण ठरवू नये.

तिसरी चूक झाडपाल्याची. आपल्या सर्पगंधेचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तिच्या गुणांवर निबंध लिहिला. १९५२ साली तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ साली डॉक्टरांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पण त्यांनी रोग्यांना मात्रा मोजून दिली होती आणि दाबाची नोंद ठेवली होती. पुढे दुष्परिणाम दिसले, अधिक सोयीची औषधे निघाली, आणि रिसर्पिन मागे पडले. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी नव्हे, आणि मोजल्याशिवाय उपचार नव्हे, हा यातील धडा. शेजाऱ्याच्या गोळ्या मागून खाणाऱ्यांनीही तो लक्षात ठेवावा.

चौथी चूक ताटातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका लहान चमच्याइतकेही नसावे. लोणचे, पापड, ठेचा आणि चिवडा यांतले मीठ आपण मोजतच नाही. ‘सैंधव चालते’ ही समजूतही खोटी. सैंधव हेही मीठच. आणि आपल्या भागातील खर्रा तर वडीलधाऱ्यांनी नातवंडांदेखत सोडावा, हेच इष्ट.

पाचवी चूक फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या दाब वाढवितात व मूत्रपिंडास अपाय करतात. अशा गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. तद्वतच वैशाखाच्या उन्हात घाम जाऊन दाब उतरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा आपल्या मनाने गोळी बंद न करता डॉक्टरांस विचारावे, आणि अंथरुणावरून क्षणभर बसून मग उठावे.

दाब मोजण्याची रीत सोपी आहे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीस असावा. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत.

२०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या आरंभीच्या जिल्ह्यांत आपला शेजारी वर्धा जिल्हा होता. ठरीव औषधे, रुग्णाची नोंद आणि नियमित फेरतपासणी, एवढेच त्याचे सूत्र. ते घरातही पाळता येईल. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी विनामूल्य होते. तिचा लाभ घेण्यात कमीपणा कसला?

तरुण मंडळींना विनंती की, घरातील वडिलांच्या नावे एक वही घालावी; तीत तारीख, दाब आणि गोळी यांची नोंद करावी. मंडळासही सूचना की, पुढील संमेलनात भोजनमंडपाशेजारी रक्तदाब मोजण्याचे एक टेबल मांडावे. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद आपणांस दीर्घकाळ हवा असेल, तर त्यांच्या वहीतील आकड्यांकडे आपलेही लक्ष हवे.